सव्वा मीटरवरची थंडी

३ डिसेंबर, मंगळवार

ही वही पुन्हा उघडली, कारण ऑफिसात बोललं की फाइलवर शेरा येतो आणि घरी बोललं की नवरा म्हणतो, "आधी पाणी पी." पाणी पिऊन राग जात असता तर आमच्या हवामान कार्यालयात एव्हाना विहीर खणावी लागली असती.

आजचं निमित्त असं. काल मी पहाटेच्या किमान तापमानाचा अंदाज दिला ११. सकाळी आठला अप्पांनी वेधशाळेतून फोन करून आकडा कळवला, ७.४. चूक एखाद्या अंशाची असती तर कुणी विचारलं नसतं, ही साडेतीन अंशांची आहे आणि सलग सहावा दिवस आहे. रेडिओवरचा तो चुरूचुरू बोलणारा निवेदक म्हणाला, "हवामानवाल्या बाई स्वेटर नको म्हणताहेत, तेव्हा दोन घाला." नवऱ्याने आवाज कमी केला, पण ऐकायचं ते ऐकून झालं होतं.

अप्पा म्हणजे माझे वडील. चौतीस वर्षं याच खात्यात निरीक्षक होते. रोज सकाळी मैदानामागच्या कुंपणात जायचं, पांढऱ्या पेटीतले थर्मामीटर वाचायचे, नोंदवहीत लिहायचं. निवृत्त झाले, जागा भरली नाही, शेवटी त्यांनाच कंत्राटावर परत बोलावलं. बाप आकडा सांगतो आणि मुलगी खोटी पडते, हे ऑफिसात सगळ्यांना फार गमतीचं वाटतं.

५ डिसेंबर, गुरुवार

मीटिंग. आमच्या साहेबांना सगळे पाठीमागे 'दशांश' म्हणतात. माणूस वाईट नाही, पण दशांश चिन्हाशिवाय त्याला आकडा उघडा दिसतो. मी म्हटलं, लोकांसाठीच्या बुलेटिनमध्ये पूर्ण अंश द्या, नोंदवहीत दशांश ठेवा, सगळीकडे तसंच करतात. रस्त्यावरच्या माणसाला ११.३ आणि ११ यांत काय फरक पडतो?

"फरक ०.३ चा पडतो," दशांश म्हणाले आणि हिरव्या पेनाने माझा मुद्दा खोडला.

आठ वर्षं मी हा मुद्दा मांडते आहे. आठ वर्षं तेच पेन. मला आता त्या पेनाचाच राग येतो.

मग माझ्या चुकलेल्या अंदाजांकडे गाडी वळली. कुंपणात गेल्या वर्षी बसवलेलं स्वयंचलित यंत्र १०.९ दाखवतंय आणि अप्पा ७.४. यंत्र अजून चाचणीवर आहे, त्यामुळे अधिकृत आकडा अप्पांचाच. यंत्राची देखभाल करणारा सेन्सरवाला हळूच म्हणाला, "मॅडम, आजोबांचे डोळे एकदा…" मी त्याला तिथंच गप्प केलं. चौतीस वर्षांत ज्या माणसाची एक नोंद खोडलेली नाही, त्याच्यापुढे खांबावर टांगलेला डबा कशाला आणतोस, म्हटलं. यंत्र पुन्हा तपासून घ्या, असं लेखी दिलं.

७ डिसेंबर, शनिवार

सुट्टी असून सुट्टी नाही. नवरा कपडे धुताना ओरडला, "अगं, अप्पांच्या पँटींचे गुडघे बघ. रोज ओली माती. गवताचे डाग निघता निघत नाहीत."

पडतात की काय कुठे? विचारलं तर म्हणाले, "वाकावं लागतं." वाकायला कशाला लागतं? पेटी सव्वा मीटर उंचीवर आहे, उभ्याने वाचायची. संध्याकाळीही ऊन उतरायच्या आत 'फिरून येतो' म्हणून तिकडेच जातात. तिथं अजून त्यांचं ते गवतावर ठेवायचं जुनं थर्मामीटर आहे. पूर्वी त्याचा आकडाही पाठवायचे. नवा फॉर्म आला तेव्हा खात्याने तो रकाना काढून टाकला. (फॉर्म सुटसुटीत करणाऱ्या समितीत मीही होते. अप्पा तेव्हा दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.) रकाना गेला तरी हे ते रोज मांडतात, जसे काही पाहुणेच यायचे आहेत.

जेवताना अप्पांनी विचारलं, "तो हॉल किती अंशाला उघडतो गं?"

कुंपणासमोरचा पालिकेचा हॉल. बाजारातले हमाल आणि ज्यांना घर नाही अशी माणसं कुंपणाच्या भिंतीलगत झोपतात, त्यांच्यासाठी थंडीत तो रात्री उघडतात. आदेश असा, की आमच्या सकाळच्या बुलेटिनमध्ये किमान ८ किंवा त्याहून कमी असेल, तरच त्या रात्री उघडायचा. हे अप्पांना पाठ आहे. मी वैतागून म्हटलं, "आठ. किती वेळा विचारणार?"

"मागच्या जानेवारीत तो लंगडा हमाल भिंतीकडेला गेला, त्या दिवशी किती होतं?"

"९.१."

"पेटीत," अप्पा म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

वय झालंय त्यांचं. तीच तीच गोष्ट घोळवत बसतात. खोलीतलं त्यांचं जाड ब्लँकेटही दिसेना. विचारलं तर म्हणे, "असेल कुठेतरी." आता ब्लँकेट कुठे ठेवलं तेही आठवत नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

अप्पांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. खोटं सांगून नेलं, की मला तपासायचेत. डॉक्टरीणबाईंनी दोघांचे तपासले. अप्पांनी तक्त्यावरची शेवटची ओळही घडाघडा वाचली. मला चष्म्याचा नंबर वाढवून मिळाला.

परत येताना अप्पा म्हणाले, "माझ्या आकड्यावर संशय आहे का तुझा?"

"मुळीच नाही," मी म्हटलं. आणि खरंच नाही. संशय माझ्या मॉडेलवर आहे. आपलं शहर खोलगट भागात आहे, थंड हवा साचते, मॉडेलला ते कळत नाही. माझाच मूर्खपणा, की आजवर लक्षात आलं नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

आजपासून मॉडेल जो आकडा देईल त्यातून साडेतीन वजा करायचे. साधा उपाय.

१८ डिसेंबर, बुधवार

पाचही दिवस अंदाज बरोबर. एकदा तर ०.१ चा फरक. दशांशांनी कॉरिडॉरमध्ये मान हलवली, म्हणजे त्यांच्या मानाने मिरवणूकच काढली म्हणायची. रेडिओवाला गप्प आहे. हे लिहिताना मी हसते आहे, हे नवऱ्याने पाहिलं आणि पाणी आणलं नाही.

हॉल रोज उघडतोय. ऑफिसला जाताना दिसतं, वीस-पंचवीस जण अंथरुणं गुंडाळून बाहेर पडत असतात. मिशीवाला एक हमाल अप्पांना चहा देतो. त्याच्या अंगावर आमच्यासारखंच ब्लँकेट होतं. बाजारात एकाच ठिकाणाहून घेतलं असणार.

२६ डिसेंबर, गुरुवार

जानेवारी-फेब्रुवारीचा दीर्घकालीन अंदाज पाठवायचा आहे. यावर पालिका हॉल राखून ठेवायचा की नाही ते ठरवते. शिवाय हीटरवाले, शाळांच्या वेळा, दवाखाने, सगळे माझ्या एका पानाकडे डोळे लावून बसलेत. मॉडेल म्हणतं, सरासरीइतकी थंडी, किंबहुना थोडी कमीच. माझं मन म्हणतं नाही. डिसेंबरची आपली सरासरी नेहमीपेक्षा साडेतीन अंश खाली आहे. एवढा महिना डोळ्यांदेखत गेला आणि मी मॉडेलचं ऐकू?

दशांश म्हणाले, "विमानतळावर ११.२ आहे. आपल्याकडे ७.६. आपण काय खड्ड्यात आहोत?"

"होय, थोडं तसंच," मी म्हटलं आणि नकाशा पसरला. मी एक तास भांडले. निरीक्षकाच्या चौतीस वर्षांवर माझं नाव लावते, असंही म्हटलं. शेवटी त्यांनी सही केली. 'सरासरीपेक्षा लक्षणीय थंड' यातलं 'लक्षणीय' तेवढं खोडलं.

संध्याकाळी घरी सांगितलं. वाटलं, अप्पा खूश होतील. त्यांनी घास खाली ठेवला. "दीर्घकालीनमध्ये पण धरलास माझा आकडा?"

"मग कुणाचा धरू?"

ते उठून हात धुवायला गेले. पानात अर्धी भाकरी तशीच होती. या घरात कुणाचं कौतुक करायची सोय नाही.

३ जानेवारी, शुक्रवार

सेन्सरवाल्याने यंत्र तिसऱ्यांदा तपासलं, प्रमाणित थर्मामीटर शेजारी लावून. यंत्र बरोबर आहे. मी म्हटलं, प्रमाणपत्र दाखव. त्याने दाखवलं. मी म्हटलं, तारीख बघू. तारीखही बरोबर होती. मला तो माणूस सहनच होत नाही.

पालिकेच्या बाईंचा फोन येऊन गेला. माझ्या अंदाजावरून त्यांनी फर्निचरच्या प्रदर्शनाला नकार देऊन हॉल फेब्रुवारीअखेरपर्यंत राखून ठेवलाय. "तुमच्या भरवशावर हं मॅडम," म्हणाल्या.

दुपारभर डोकं दुखत होतं. एक विचार येतो आणि मी तो हाकलते. किमान थर्मामीटरच्या नळीत एक छोटी काडी असते, तिचं बल्बपासून लांबचं टोक वाचायचं असतं. नवशिके जवळचं टोक वाचतात आणि आकडा काही अंश खाली जातो. अप्पा हे विसरले असतील का? डोळे नाही, पण डोकं? सोमवारी न सांगता जाऊन बघणार आहे. स्वतःच्या बापावर पाळत ठेवायची वेळ आली.

६ जानेवारी, सोमवार

सगळं लिहिते, क्रमाने, नाहीतर चिडून काहीतरी वेगळंच लिहीन.

आठला पाच कमी असताना कुंपणाच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. अप्पांनी पेटी उघडली, वाचलं. अगदी नियमाप्रमाणे, डोळा काडीच्या रेषेत, लांबचंच टोक. खिशातून छोटी वही काढून लिहिलं. मला इतकं बरं वाटलं की परत फिरणारच होते.

मग त्यांनी पेटी बंद केली, चार पावलं चालले, गवतात दोन्ही गुडघे टेकले, हात टेकले, गाल जवळजवळ मातीला लावला आणि गवतावरचं थर्मामीटर वाचलं. उठायला त्यांना वेळ लागला. उठले, मोठी नोंदवही उघडली आणि तो आकडा लिहिला. पेटीच्या रकान्यात.

तळपायाची आग मस्तकात म्हणतात ती काय असते ते कळलं. "अप्पा," म्हटलं, "हे काय चाललंय?"

ते दचकले नाहीत. बहुतेक रोजच वाट बघत असावेत. "सात पॉइंट सहा," म्हणाले.

"पेटीत किती?"

"अकरा पॉइंट एक."

"आणि तुम्ही खोटं लिहिताय? नोंदवहीत? तुम्ही?"

"वाचलेला आकडा आहे. मनाचा नाही."

"रकाना खोटा आहे."

"या आकड्याला रकाना होता. तो तुम्ही काढलात." त्यांनी गुडघ्यावरची माती झटकली. "पेटी सव्वा मीटरवर आहे. सव्वा मीटरवर कोण झोपतं, सांग मला. त्या दिवशी पेटीत ९.१ होतं म्हणून हॉल बंद. जमिनीवर ५.३ होतं. मी वाचलं होतं. लिहायला जागा नव्हती. वाचून घरी आलो आणि चहा प्यायलो. त्याला तोवर उचललाही नव्हता."

समोर हॉलमधून माणसं बाहेर पडत होती. मिशीवाला आमचं ब्लँकेट घडी करत होता. आमचंच. कोपऱ्यात नवऱ्याने घातलेला निळा टाका होता.

मी ओरडले. हेही लिहायला हवं. माझा दीर्घकालीन अंदाज, माझं नाव, साडेतीन वजा करण्याची माझी अक्कल, सगळं काढलं. एकदा विचारलं असतंत तर, असंही म्हटलं. अप्पा म्हणाले, "समितीत असताना सांगितलं होतं की." मग खिशातली वही माझ्या हातात दिली. नोव्हेंबरअखेरपासून पेटीतला खरा आकडा रोजचा रोज लिहिलेला. एकही दिवस सुटलेला नाही. "दुरुस्त करून घे," म्हणाले.

राग कुणाचा आलाय तेच कळत नाही. अप्पांचा येतो, मग त्या समितीचा येतो, आणि समिती म्हटलं की माझाच चेहरा दिसतो.

७ जानेवारी, मंगळवार

ऑफिसला जाताना दोनदा परत फिरले. गप्प बसलं तर कुणाला कळणार नाही. हॉल चालू राहील, अप्पांची चौतीस वर्षं राहतील, माझा अंदाज राहील. पण पुढच्या वर्षी कुणीतरी मुलगी या डिसेंबरच्या आकड्यांवर अंदाज बांधेल आणि तीही माझ्यासारखीच तोंडघशी पडेल. शिवाय आजचं बुलेटिन मला स्वतःला पाठवायचं होतं आणि ११ च्या जागी ७.९ टाइप करायला माझा हात उचलेना. अप्पांचा कसा उचलला रोज?

दशांशांपुढे दोन्ही वह्या ठेवल्या. त्यांनी पंधरा मिनिटं पानं जुळवली. मग म्हणाले, "चूक कुणाच्या नावावर?"

"नोंद त्यांची. न तपासता छापली मी."

"आणि सही माझी," म्हणाले. खुलाशाचं पत्र मला मिळणार आहे. अप्पांचं कंत्राट आजपासून बंद. अधिकृत आकडा यंत्राचा. सेन्सरवाला दारातच उभा होता. मी त्याची माफी मागितली. "आजोबांना नमस्कार सांगा," म्हणाला. यापेक्षा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

८ जानेवारी, बुधवार

हॉल काल रात्री बंद होता. बुलेटिनमध्ये ११.० होतं. सकाळी मुद्दाम त्या रस्त्याने गेले नाही.

अप्पा घरीच आहेत. आठ वाजता उठून बसले, घड्याळाकडे पाहिलं, परत आडवे झाले. नवरा म्हणाला, "आज पँट धुवायला नाही." त्याला विनोद करायचा नव्हता बहुतेक.

९ जानेवारी, गुरुवार

सुधारित दीर्घकालीन अंदाज लिहिला. तापमान सरासरीइतकं किंवा किंचित जास्त. हे खरं आहे. पण पुढचं वाक्यही खरं आहे, म्हणून तेही लिहिलं: आकाश निरभ्र आणि हवा कोरडी राहणार असल्याने जमिनीलगतचं तापमान पेटीतल्या तापमानापेक्षा तीन ते चार अंश कमी राहील, आणि उघड्यावर झोपणाऱ्या माणसांसाठी ही थंडी कडक व जिवावरची आहे. शिवाय रोजच्या बुलेटिनमध्ये दुसरी ओळ मागितली: 'जमिनीलगत किमान'.

पालिकेच्या बाईंना आधीच फोन करून सगळं खरं सांगितलं. फर्निचरवाले रोज त्यांच्या टेबलाशी येऊन बसतात. शेवटी म्हणाल्या, "आमच्या आदेशात जमिनीलगतचा आकडा घालून घेते वरून. पण छापलेला हवा. आणि आठ म्हणजे आठ हं मॅडम. त्यापुढे मी काही करू शकत नाही, ऑडिट आहे."

दशांशांनी पेन काढलं. 'कडक व जिवावरची' खोडलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी वर लिहिलं, 'जीवघेणी ठरू शकते'. मग विचारलं, "ती दुसरी ओळ वाचणार कोण? यंत्राला गवतावरचं दिसत नाही. माणूस द्यायला माझ्याकडे नाही."

"मी वाचीन."

"रोज? रविवारी?"

"रोज."

१३ जानेवारी, सोमवार

चार दिवस झाले. ७.२, ६.९, ७.५, ७.७. हॉल उघडा. थर्मामीटर इतकं जमिनीशी असतं की नवा चष्मा घालूनही गाल मातीला लावावा लागतो. पहिल्या दिवशी उठताना गुडघा असा काही कडकडला की मिशीवाला भिंतीवरून हात द्यायला आला. मी नको म्हटलं आणि मग घेतला.

नवरा आधी अप्पांची पँट भिजवायचा, आता माझी असते. अप्पा रोज विचारतात, "किती?" मी दोन्ही आकडे सांगते. ते मान डोलावतात. संध्याकाळी थर्मामीटर मांडायला मात्र माझ्याबरोबर येतात, तेवढ्याला कंत्राट लागत नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज ८.१.

तीनदा वाचलं. एकदा थोडं तिरकं बघितलं, म्हणजे ८ दिसतं का ते. दिसलं. सरळ बघितलं की ८.१. तशीच ओणवी राहिले, हात गार पडेपर्यंत. एका दशांशासाठी पंचवीस माणसं भिंतीकडेला. वाटलं, लिहावं ८.०. कोण येतंय गाल मातीला लावायला? अप्पांवर मी इतकी ओरडले, आणि आज त्यांच्याच जागी, त्याच मातीत गुडघे रुतवून, मीही तेच करायला निघाले होते.

लिहिलं ८.१. ऑफिसला कळवलं. मग बाईंना फोन केला. "आठ म्हणजे आठ," त्या म्हणाल्या, पण आवाज पडला होता. घरी फोन केला. अप्पा म्हणाले, "बरोबर लिहिलंस," आणि थोड्या वेळाने, "माझं दुसरं ब्लँकेट कुठंय बघायला सांग तुझ्या नवऱ्याला."

दहाला ऑफिसात पोचले ती भांडायच्याच तयारीने. बुलेटिन सुटलेलं होतं. भिंतीवरच्या फळ्यावर प्रत लावली होती. 'किमान तापमान: १२. जमिनीलगत किमान: ८.'

पुन्हा वाचलं. मग नोंदवही मागवून पाहिली. तिथं ११.७ आणि ८.१, जसेच्या तसे, खाली दशांशांची सही. बुलेटिनच्या तळाशी नवी टीप होती: 'आजपासून लोकांसाठीच्या बुलेटिनमध्ये तापमान पूर्ण अंशांत दिले जाईल. सूचना: अंदाज विभाग.'

आत गेले. ते पेनाचं टोपण लावत होते. मी आठ वर्षांचं सगळं भांडण तोंडावर घेऊन उभी होते.

"तुमचाच मुद्दा होता," ते म्हणाले. "मंजूर केलाय. ८.५ झालं की नऊ लागेल, तेव्हा माझ्याकडे येऊ नका."

"नाही येणार," म्हटलं.

संध्याकाळी अप्पांबरोबर थर्मामीटर मांडायला गेले. हॉलचं दार उघडत होते. अप्पांच्या काखेत ब्लँकेट होतं. ते परत घरी आणायला मी सांगितलं नाही.